निरगाठ

पोस्टात पार्सलच्या रांगेत पुढच्या आजी-आजोबांची जुंपली होती. मागे उभी असलेली एक शिंपीणबाई ऐकत होती.

"तपासायला खोका उघडायचाय, अन् माझी नखं मोडली! सुरगाठ मारा म्हटलं, तर एकावर एक चार निरगाठी!"

"सोडवतो मी."

"इथे सोडवाल. तिकडे लेकीनं काय करायचं?"

"तिला नाहीच सुटणार."

"डोकं फिरलंय का तुमचं? कात्रीनं कापेल ती सरळ!"

"नाही कापणार. गाठ सुटली नाही की लहानपणापासून मलाच हाक मारते. मागच्या खोक्याच्या वेळी फोन केला होता. पाऊण तास बोलली. त्यानंतर आलाय एक तरी फोन?"

खिडकीतल्या कारकुनानं खोका परत पुढे सरकवला.

"आजी, तपासून झालं. बांधा आता."

"सरका हो, तुम्हाला एक काम धड येत नाही. इथे बोट ठेवा, पाच मारते. आणि या खेपेला फोन आधी मी घेणार."