अब्बांना नेलं त्या दिवसाचं चित्र

समारंभाच्या अध्यक्षा प्रियदर्शनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती फरहीन, समोर बसलेल्या तिच्या आई सुलतानबी वहिनी आणि उचगावहून आवर्जून आलेली मंडळी, आपणा सर्वांना या गणपतरावचा नमस्कार. फरहीनला शाळेत चित्रकला मी शिकवली, तेवढ्याच नात्यानं बोलायला उभा राहिलोय.

फरहीन राहते कॅनडात आणि चित्रं काढते उचगावची. तिकडच्या बर्फाचं एकही चित्र नाही, हे आपण प्रदर्शनात पाहिलंच. तिचे अब्बा इकबालभाई ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचे. उरलेलं रेक्झीन पोरीला द्यायचे, ती त्यावर खडूनं गिरगटायची. हसा, हसा, माझ्या तासापेक्षा तिला तेच जास्त आवडायचं!

इकबालभाई अचानक गेले. तेव्हा फरहीनची तिथली कागदपत्रं नव्यानं व्हायची होती. देश सोडला तर परत घेतील, याची खात्री नव्हती. ती येऊ शकली नाही. फोनवर जनाजा दाखवत होते, तर फोनही मध्येच बंद पडला.

मग मला तिचे फोन येऊ लागले. "सर, अब्बांवरची चादर हिरवीच होती का? पुढं खांदा कुणी दिला? अम्मी कुठं उभी होती?" मी आठवेल ते सांगत गेलो. काय करायचं होतं तिला या सगळ्याचं? तिनं न पाहिलेला तो दिवस रंगवला.

परवा प्रदर्शनात वहिनी त्या चित्रासमोर थांबल्या. चित्रात दारात त्या एकट्याच उभ्या.

"ह्यात तू कुठं हायस?"

"मी न्हवतेच की, अम्मी."

"मग आता काढ. माझ्याशेजारी काढ. लोक इचारत हुते, पोरगी कुठाय? मी समद्यांस्नी सांगितलं, वाटंत हाय, यायलीया."

फरहीन तिथंच खाली बसली.

संध्याकाळी तिनं चित्र घरी नेलं. सकाळी मी गेलो, तर वहिनींच्या शेजारी नुसता पुसलेला, ओला रंग. मला म्हणाली, "सर, चेहराच जमत नाही. तिथं असते तर मी कशी रडले असते, हेच मला माहीत नाही."

मी शिक्षक. पण हे कुणाला कसं शिकवायचं?

असो. आज रात्री ती मुंबईला निघतेय, तिथून पुढं विमान. ताई, शाल-श्रीफळ झालंय; माझ्यानंतर अजून भाषणं आहेत, ती राहू द्यात, एवढी विनंती. संयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर म्हातारा म्हणून पदरात घ्या.

फरहीन, ऊठ बाळ. वहिनी, हिला घरी घेऊन जावा.