पाळणा दोन्हीकडे दिसला पाहिजे

प्रसूतिगृहाच्या बाकावर माझ्या शेजारी दोन विहिणी बसल्या होत्या. आत नात जन्मली होती, पण अजून आत सोडत नव्हते. दोघींच्या मांडीवर लॅपटॉप.

“विहीणबाई, घरबसल्या पाळणा दिसावा म्हणून माझ्या लेकीने प्रोग्राम लिहिला, आणि तो माझ्याकडेच उघडत नाही!”

“माझ्याकडे छान चालतो.”

“चालणारच. लग्न झाल्यापासून ती संगणक चालवायला तुमच्या गटाने बनवलेलं लिनक्स वापरते, आमच्या गटाचं नाही.”

“लिनक्स एकच आहे हो.”

“मूळ एक, पण चुली वेगळ्या. तुमच्या गटाने फायली एका जागी ठेवल्या, आमच्या गटाने दुसऱ्या. प्रोग्राम बिचारा माझ्या घरात तुमचं कपाट शोधत फिरतो.”

“म्हणून तर दोन्ही गटांच्या दर बैठकीत सांगते, सगळ्यांनी एकच जागा ठरवा.”

“आणि ती तुमचीच!”

“मग काय तुमची?”

“मला नात बघायचीय हो.”

“…बरं. जागा तुमची. पण फायलींची नावं आमची.”

“चालेल! हे बैठकीत का नाही बोललात?”

“तिथे नात कुठे होती?”

“लिहा मग तुमच्या गटाला.”

“आधी तुम्ही.”

“दोघी एकदमच पाठवू. हं, गेलं! आता एकच राहिलं. ती मला काय म्हणणार?”

“आजी.”

“आणि तुम्हाला?”

“आजीच.”

“मग हाक कुणाला मारली, ते कळणार कसं?”

“कळायचंय कशाला? आजी म्हटलं की दोघींनी धावायचं.”

दार उघडलं.

“बाळाची आजी कोण?”

“ओ!”

दोन्ही लॅपटॉप माझ्या मांडीवर होते.