वेशीची कल्पना कुणाची

वही? कुठली वही? — हां, ती. ही काय, खिडकीत, सुतळीला बांधलेली. पण पाव्हणं, ती आमच्या कारखान्यातल्या लोकांसाठी आहे आणि तुम्ही इथले नाय. नऊ वर्षं या गेटवर आहे मी, चिकलठाण्याच्या माळावर एकेक कारखाना उभा राहताना पाहिला — चेहरा बघून खातं सांगतो. बसा. वाचा की, मला काय, मी कशाला भिऊ?

गोष्ट मुळात माझी नाय, आधीच सांगतो. मासिकात येत होती. नीलांगी राजकन्या, राक्षसानं विहिरीत कोंडलेली. मासिक बंद पडलं आणि ती विहिरीतच राहिली — कसं चालंल? मी चौथी शिकलेला, फुलंब्रीकडचा, मेंढरं राखली, पण अर्धं सोडलेलं काम मला बघवत नाय. पुढचं मी लिहिलं. उजव्या पानावर गोष्ट, डाव्या पानावर वाचणाऱ्याचा अभिप्राय, त्याखाली माझं उत्तर, सहीनिशी, दुसऱ्या दिवशी. दोन वर्षांत चुकलं नाय. हे बघा — ‘राक्षस लई बोलतो. जहांगीर, रंग खातं.’ उत्तर — ‘राक्षस आहे. बोलणार.’ हे दुसरं — ‘राजकन्येला सैपाक करताना दाखवा. अप्पाराव.’ उत्तर — ‘विहिरीत चूल नसते.’ हसू नका. विचार करून लिहितो मी.

ते पान नको — बरं, उघडलंच तर वाचा. राक्षस मेला, लोकांनी नगराच्या वेशीचं नाव बदललं, ज्या मजुरानं दगड वाहिले त्याचं नाव दिलं. एवढंच. जूनमध्ये लिहिलं. तेव्हा विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव कुठं झाला होता? तो झाला जुलैत — आणि गावोगाव घरं पेटली, बस बंद, कामावर माणूस कमी. मग परवा डाव्या पानावर हे आलं. ‘ही कल्पना कुणाची? उत्तर लिहा.’ सही नाय. बिनसहीचं हे पहिलंच.

खाली खोडलंय ते? शाई सांडली. — नाय, शाई कुठली, रेघ मीच मारली. कसं आहे, वाचणाऱ्याची सूचना गोष्टीत घेतली की त्याचं नाव, खातं, गाव खाली लिहायचं, हा माझा नियम. दुसऱ्याचं आपलं म्हणून मिरवायचं नाय. जन्मात मिरवलं नाय. म्हणून लिहिलं होतं, आणि परवा खोडलं. आता तिथं ‘कल्पना सूर्यभानची’, म्हणजे माझी, असं आहे, तेच खरं धरा. कुणाला विचारायचं असंल तर मला विचारा म्हणावं — मी इथंच असतो.

उजेडात धरू नका ते! — दिसलं? दिसलं तर दिसलं. बन्सी. वेल्डिंगला होता. आठ दिवस झाले, आला नाय. गाव पण वाचलं? तिथं जाऊन काय करणार, घर जळालं त्याचं. कुठं गेला मला ठाऊक नाय, पुण्याला गेला असंल, मुंबईला, वॉचमनला कोण सांगून जातं? पण वाचणारा लई खरा. रेघ मारली ते आवडलं नाय त्याला — आज सकाळीच भाकरी मोडता मोडता म्हणतो, तात्या, कल्पना माझी होती, नाव कशापायी खोडलं —

नाय.

नाय, मी सकाळी एकटाच जेवलो. कधीची तरी गोष्ट सांगत होतो, जुनी. वही ठेवा खाली. कुणी पाठवलं तुम्हाला? — पाळी सुटते आता, गेट उघडायचंय, उठा. उठा म्हणतो ना.

घर? कुणाचं, माझं?

मला घर नाय. निघा.