ल्युसर्नचा पूल

सोलापुरातल्या डायलिसिस केंद्राबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर निवृत्त शिक्षक गुरप्पा आणि त्यांच्या पत्नी शांतम्मा बसले होते.

"पोरीनं स्वित्झर्लंडची दोघांची तिकिटं काढलीत. तू एकटी जा."

"चाळीस वर्षं वर्गात आल्प्स तुमी शिकवला, आणि बघायला मी जाऊ?"

"मला दिवसाआड मशीनवर पडायचंय की. ल्युसर्नला तळ्यातनं नदी निघते, तितं जुना लाकडी पूल हाय. त्याचा फोटो आण."

"नदी तळ्याला मिळते म्हणा."

"निघते. पोरंबी हितंच चुकायची."

"पंधरा दिवस लई होतात हो."

"जातील."

"काल डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले."

"ठाऊक हाय."

"मी परत येईस्तोवर तुमी असाल न्हवं?"

"तळ्याचं पाणी लई गार असतंय, शांता. पाय घालू नकोस."