सासूबाई आणि रॉकरचा रेशो

आमच्या ह्यांचं जुन्या जीपचं वेड तुम्हाला माहीतच आहे. नव्वदच्या दशकात लखनौला होतो तेव्हा रविवारी शेजारच्या मिश्राजींशी शर्यत ठरली. इंजिनात जुनेच रॉकर ठेवायचे की जास्त रेशोचे, हे काही ह्यांचं ठरेना.

"रॉकर म्हणजे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"सीसॉ समज, आई. इंजिनातला फिरता कॅम इकडून थोडंसं ढकलतो, तिकडे व्हॉल्व्ह जास्त उघडतो. रेशो वाढवला की आणखी जास्त."

"अच्छा, म्हणजे तुझी बायको! मी एवढंसं बोलते, ही एवढी उसळते."

मी सासूबाईंना चहा देत ह्यांना विचारलं, "अहो, आणि तो व्हॉल्व्ह फारच उसळला तर?"

"पिस्टनवर आपटतो. दोघंही निकामी."

सासूबाईंनी घोट गिळला. "जुनेच राहू देत रे. सूनबाई, चहा छान झालाय हो!"

शर्यत मिश्राजींनी जिंकली. माझा चहा मात्र महिनाभर छान होत होता.