मागच्या सीटची जागा

लव्हॉन : नाही म्हणायचं तर म्हण, पण आधी हा रन्झा पाव खाऊन घे. गार झाला की आतला कोबी कसातरीच लागतो.

मर्ल : खातो. पण ही पेटी मी ड्वेनच्या गाडीत बसवणार नाही. पोट भरल्यावरही हेच सांगेन.

लव्हॉन : का बरं? विकणारा म्हणाला, फ्युएल सेल आहे, शर्यतीच्या गाड्यांत असते तसली सुरक्षित टाकी. फेब्रुवारीत ड्वेनला पुरून येताना तूच म्हणालास, वहिनी, ती गाडी सेल बसवल्याशिवाय चालवू नकोस. ते मी लक्षात ठेवलं होतं. जुन्या सामानाच्या बाजारात दिसली, घेऊन आले.

मर्ल : आत हात घाल. काय लागतं?

लव्हॉन : स्पंज.

मर्ल : आता बोटं बघ.

लव्हॉन : शी. भुगा झालाय त्याचा.

मर्ल : हाच भुगा पेट्रोलबरोबर नळीत जाणार, फिल्टर तुंबणार आणि तू भर हायवेवर अडकून बसणार. तेवढ्यावर निभावलं तर नशीब. खऱ्या सेलमध्ये पेटीच्या आत जाड रबराची पिशवी असते. पेटी चेपली तरी पिशवी वाकते, फुटत नाही. यात पिशवीच नाही. नुसता ॲल्युमिनियमचा डबा आहे. मागून कुणी ठोकलं की जोड उसवला.

लव्हॉन : माणूस चांगला वाटला रे.

मर्ल : असेल चांगला. त्यालाही कुणीतरी सेल म्हणूनच विकली असेल.

लव्हॉन : मग खरी आण. शनिवारी नॉर्थ प्लॅटला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. चव्वेचाळीस वर्षांत ड्वेनची ही कूप गाडी तिथं एकदाही चुकली नाही. या वर्षी मी चालवत नेणार आहे.

मर्ल : ट्रेलरवर घालून नेऊ.

लव्हॉन : ट्रेलरवरून गाड्या आणणाऱ्यांना ड्वेन काय काय म्हणायचा, ते तुझ्यासमोरच म्हणायचा ना? आणि आता तो गेल्यावर त्याचीच गाडी ट्रेलरवर चढवू?

मर्ल : मी दमलोय गं. फेब्रुवारीपासून जो तो काहीतरी घेऊन माझ्या दारात उभा. कुणाचं गवताचं मशीन, कुणाच्या बोटीचं इंजिन. परवा चर्चचा हीटर आणला. म्हणे, हे ड्वेन बघायचा, आता तू बघ. माझा भाऊ गेला आणि मला त्याची नोकरी लागली.

लव्हॉन : मी काय ताजीतवानी आहे? त्याचे बूट अजून दारात आहेत. रोज त्यांना अडखळते, पण उचलवत नाहीत. एकदा ती गाडी तिथं पोचवली ना, की मला झोप लागेल असं वाटतं. उगाचच वाटतंय, पण वाटतंय.

मर्ल : वरच्या फळीवर बघ. रंगाच्या डब्यांमागं एक खोकं आहे.

लव्हॉन : थांब. हे काय? यावर ड्वेनचं नाव आहे.

मर्ल : त्यानंच मागवलं होतं. खरा सेल आहे तो. पिशवीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं चालते. तीन गेली, दोन आहेत.

लव्हॉन : तीन वर्षं इथं पडून आहे? बसवला का नाही?

मर्ल : जागा नव्हती.

लव्हॉन : कसली जागा?

मर्ल : त्या स्टुलावर बस जरा.

लव्हॉन : सव्वीस वर्षं पन्नास-पन्नास पोरं घेऊन बर्फातून शाळेची बस चालवली मी. उभ्यानं ऐकायची सवय आहे. बोल.

मर्ल : गाडीची टाकी कुठं आहे, माहीत आहे तुला?

लव्हॉन : मागं.

मर्ल : मागं म्हणजे तुझ्या पाठीमागं. आधी सीटचं कातडं, मग पुठ्ठा, मग टाकी. चार बोटांचं अंतर.

लव्हॉन : आत? आपण बसतो तिथं?

मर्ल : मूळची टाकी मागच्या बाजूला खाली लोंबायची. आम्ही गाडी बुटकी केली, तर ती रेल्वेचे रूळ ओलांडताना घासायची. गळायला लागली. मग एका मोडक्या ट्रॅक्टरची टाकी काढून आत बसवली. ड्वेननं धरली, वेल्डिंग मी केलं. खरं तर डिकीत बसवायला हवी होती.

लव्हॉन : मग का नाही बसवली?

मर्ल : डिकीत माझी सीट होती.

लव्हॉन : ती झाकण उघडलं की निघणारी? उघड्यावरची?

मर्ल : तीच. माझं लग्न झालेलं नव्हतं, पुढंही झालं नाही. ड्वेन म्हणाला, सीट काढली तर तू आमच्याबरोबर कसा येणार? म्हणून सीट राहिली आणि टाकी आत आली.

लव्हॉन : माझ्या कोटाला वास यायचा. दर वर्षी. त्याला विचारलं की म्हणायचा, जुन्या गाड्यांना येतोच.

मर्ल : तीन वर्षांपूर्वी मेळाव्यातच एकाचं ऐकलं. त्याचीही टाकी अशीच आत. मागून ठोकर बसली. तो वाचला, पण त्याचे हात बघवत नाहीत. मी ड्वेनला सांगितलं. त्यानं त्याच आठवड्यात हा सेल मागवला. मग आम्ही मोजमाप केलं, तर सीट काढल्याशिवाय बसेना. तो म्हणाला, मग तू कुठं बसशील? बघू पुढच्या वर्षी. मी म्हणायला हवं होतं, काढ ती सीट. म्हणालोच नाही.

लव्हॉन : का?

मर्ल : आवडायची मला. वर्षातून एकदा कुणीतरी आपल्याला बरोबर घेऊन कुठंतरी जातंय, एवढंच. तुझ्या पाठीशी पेट्रोल ठेवून मी वारा खात गेलो, लव्हॉन. मला लाज वाटते त्याची.

लव्हॉन : थांब जरा. म्हणजे म्हणून तो सारखा थांबायचा?

मर्ल : कुठं?

लव्हॉन : अरे, प्रत्येक पंपावर. कार्नी, लेक्सिंग्टन, गॉथनबर्ग. दोन-दोन गॅलन घालायचा. मी म्हणायचे, एकदाच भर की रे ती टाकी. कंजूष म्हणायचे त्याला, सगळ्यांसमोर. कार्नीच्या पंपावरचे ते शिळे डोनट खाऊन खाऊन वैतागले होते. एका वर्षी तर भांडून गाडीतून उतरले आणि रडले. तू मागं बसून सगळं ऐकलंस.

मर्ल : ऐकलं. एकटा असला की गळ्यापर्यंत भरायचा तो. तू असलीस की थोडंच. पेट्रोल कमी म्हणजे आग कमी, असं त्यानं धरलं होतं. जळायची भीती माझ्या डोक्यात कधी आली नाही, त्याच्या पहिल्यापासून होती. मला ते फार उशिरा कळलं.

लव्हॉन : आणि एका शब्दानं बोलला नाही.

मर्ल : बोलला असता तर तू गाडीत बसली असतीस?

लव्हॉन : नसते बसले. आता असा खाली का बघतोस? अजून काहीतरी आहे.

मर्ल : काही नाही.

लव्हॉन : मर्ल. बसच्या आरशात नुसता चेहरा बघून कुणी काय केलंय ते ओळखायचे मी. सांग.

मर्ल : तो उलटं करत होता.

लव्हॉन : म्हणजे?

मर्ल : भडका उडतो तो वाफेचा. टाकी भरलेली असली की वाफेला जागा नसते. जितकी रिकामी, तितकी वाफ. कारखान्यात आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रिकाम्या पिंपाजवळ आग न्यायची नाही. सेलमध्ये स्पंज भरतात तो त्यासाठीच. पेट्रोल हिंदकळत नाही, आणि रिकाम्या जागेतली वाफ एकदम पेट घेत नाही.

लव्हॉन : म्हणजे इतकी वर्षं तो मला वाचवायला म्हणून...

मर्ल : हो.

लव्हॉन : त्याला हे कळलं होतं?

मर्ल : सेल मागवला त्याच दिवशी मी सांगितलं. मग म्हणाला, लव्हॉनला सांगू नकोस. तिला मी कंजूष वाटतो, तेच वाटू दे.

लव्हॉन : म्हणून शेवटची दोन वर्षं कुठं थांबला नाही. सकाळी भरली ती थेट नॉर्थ प्लॅट. मला वाटलं, सुधारला एकदाचा. आणि खरं सांगू? मला चुकल्यासारखं झालं. गाडीत बोलायला काही उरलंच नाही.

मर्ल : मी जातो शनिवारी नॉर्थ प्लॅटला ट्रेलर घेऊन. तू घरी राहा.

लव्हॉन : सीट काढ.

मर्ल : तीनच दिवस आहेत मधे. माझे गुडघे...

लव्हॉन : गुडघ्यांचं काम मी करते. तू सांग, मी खाली शिरते. सीट काढ.

(शुक्रवारी दुपारी, त्याच शेडमध्ये. सीट भिंतीशी उभी करून ठेवलेली.)

मर्ल : बॅटरीचा उजेड जरा खाली धर. अजून. हां, त्या आडव्या पट्टीवर.

लव्हॉन : डिकीच्या पत्र्यालाच चार बोल्ट मारले असते तर काल दुपारीच मोकळे झालो असतो.

मर्ल : पुष्कळ जण तेच करतात. धडक बसली की पत्रा फाटतो आणि सेल सुटून पुढं येतो. या पट्ट्या चासिसला, गाडीच्या सांगाड्यालाच वेल्ड केल्यात, त्या सुटणार नाहीत. वेल्डिंग बुधवारी उरकलं, मगच सेल आत आणला. जुनी टाकी तर त्याआधीच आवाराच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

लव्हॉन : आणि हा पत्रा?

मर्ल : ही भिंत. सेल आणि तुझी पाठ, यांच्या मधे. कुठं फट दिसते का बघ.

लव्हॉन : नाही दिसत. नळी कुठून नेलीस?

मर्ल : गाडीच्या बाहेरून, चासिसच्या कडेनं. सायलेन्सर डावीकडं आहे, म्हणून नळी उजवीकडं.

लव्हॉन : ही वरची बारकी कसली?

मर्ल : हवेची. तोंड बाहेर काढलंय तिचं. आत एक झडप आहे, गाडी उलटली की बंद होते. उलटवू नकोस.

लव्हॉन : बघते कसं जमतं ते. ही तार राहिली का रे सुटी?

मर्ल : कुठं? आण इकडं. हीच विसरायची असते. सेल चासिसला जोडलेला नसला तर भरताना ठिणगी पडायची. बरं झालं दिसली तुला.

लव्हॉन : ड्वेन असता तर म्हणाला असता, मर्ल म्हातारा झाला.

मर्ल : तो असता तर त्यानं स्वतःच जोडली असती. मला आठवण होते ती अशा वेळी. बाकी दिवसभर मी कामात असतो.

लव्हॉन : मला बाकी दिवसभर होते.

मर्ल : निघ बाहेर. हळू. डोकं सांभाळ.

लव्हॉन : झालं?

मर्ल : झालं. आता आवारात ढकलू, तिथंच काठोकाठ भरू. खाली पुठ्ठा अंथरून तासभर बघायचं. कोरडा राहिला तर गाडी तुझी.

लव्हॉन : आणि ही सीट?

मर्ल : भंगारात. स्प्रिंगा गेल्यात.

लव्हॉन : माझ्या व्हरांड्यात आणून ठेव. बूट घालायला कुणाला तरी बसायला होईल.

मर्ल : कुणाला?

लव्हॉन : मला. त्याचे बूट उचलून कुठंतरी ठेवायचे आहेत ना. तिच्याखाली ठेवीन. आणि सकाळी सहाला तयार राहा.

मर्ल : मी कुठं येतोय? माझी सीट तर तू घरी नेलीस.

लव्हॉन : ड्वेनच्या जागेवर मी बसणार. माझी रिकामीच आहे.

मर्ल : लव्हॉन, मी खरंच दमलोय.

लव्हॉन : म्हणून तर. चालवणार मी. तू पाठ टेकून झोप. आता मागं पोलाद आहे.

मर्ल : झोपायचा नाही मी. तो रस्ता मला नीट कधी दिसलाच नाही. तुम्हा दोघांच्या डोक्यांच्या मधून दिसेल तेवढाच.

लव्हॉन : उद्या सगळा बघ.

मर्ल : टाकी भरलेली असेल. नॉर्थ प्लॅटपर्यंत कुठं थांबावं लागणार नाही.

लव्हॉन : तरी कार्नीला थांबू.