अठरा पूर्ण

तिकीटखिडकीतल्या काकूंनी दोन्ही ओळखपत्रं पाहिली. उंच मुलीला अठरा पूर्ण होऊन आठवडा झाला होता. तिच्या चष्मेवाल्या मैत्रिणीला अजून तीन महिने होते.

"हिला नाही सोडता येणार."

"अहो काकू, सिनेमा शाळेतल्या मुलींवरच आहे ना?"

"मुलींवर आहे, मुलींसाठी नाही."

"चल गं, घरी जाऊ," चष्मेवाली म्हणाली.

"थांब ना! काय गोष्ट आहे माहितीये? एकीला पार्टीत घेत नाहीत, म्हणून दुसरीही दारातूनच परत फिरते. नुसता ट्रेलर बघून रडले मी."

"मग?"

"मग काय, बघायलाच हवा."

"माझ्याशिवाय?"

"वेडाबाई, तुझी आठवण काढत बघेन! बाहेर आले की अथपासून इतिपर्यंत सांगते."

"आणि तोवर मी?"

"बाकावर बस. माझी बॅगही सांभाळ, आत नेऊ देत नाहीत."

चष्मेवालीने बॅग घेतली.

"काकू, एकच द्या. शेजारची खुर्ची रिकामी बघा हं, अनोळखी माणसाजवळ मोकळेपणी रडता येत नाही."

काकूंनी तिकीट सरकवलं.

"ए, ऐक," चष्मेवाली म्हणाली, "शेवट तेवढा सांगू नकोस."

"का गं?"

"तीन महिन्यांनी मीही बघेन. एकटीच."